गोसीखुर्दभर हायड्रोजन

गोसीखुर्दचे ३३ दरवाजे बंद आहेत, पावसाळा नुकताच सरला आहे आणि वैनगंगा मागे लांबवर फुगली आहे, असं समजू. धरणाची एकूण साठवण सुमारे ११५ कोटी घनमीटर. आता हे सगळं पाणी मनातल्या मनात उपसून टाकू. गाळ काढू, मासे काढू, हवासुद्धा काढू. आणि त्या रिकाम्या जागेत आपल्या आकाशगंगेतला हायड्रोजन वायू भरू. ताऱ्यांच्या मधल्या जागेत तो जितका दाट असतो, तितकाच दाट. झालं, धरण काठोकाठ भरलं. किती वजनाचा हायड्रोजन मावला? एका ग्रॅमचे ५२ कोटी भाग करा. त्यातला एक भाग!

हे पटत नसेल तर सोबत हिशेब करू. ताऱ्यांच्या मधल्या जागेत एका घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे खेळातल्या फाशाएवढ्या जागेत, सरासरी साधारण एक अणू असतो. एक! आपल्या नाकासमोरच्या हवेत तेवढ्याच जागेत सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू कोंबलेले असतात. शेतातली एक विहीर घ्या, सहा मीटर रुंद आणि बारा मीटर खोल. तिच्यात आकाशगंगेतला हायड्रोजन भरला तर ३४ कोटी अणू मावतील. ३४ कोटी ऐकायला भरपूर वाटतं. पण पाण्याच्या एका थेंबात जितके हायड्रोजनचे अणू असतात तितके गोळा करायचे, तर अशा विहिरी लागतील १० लाख कोटी. विहिरी नकोत, धरणंच घेऊ म्हटलं तर २९ लाख गोसीखुर्द! २९ लाख धरणं रिकामी करायची, सगळ्यांतला वायू एकत्र आणायचा, आणि हाती काय येणार? एका थेंबापुरता हायड्रोजन.

इतका विरळ. आणि तरीही आपल्या एका आकाशगंगेत असा अणुरूप हायड्रोजन एकूण किती आहे? सुमारे ८०० कोटी सूर्यांच्या वजनाइतका.

थांबा, हा आकडा घाईने ओलांडू नका. एका सूर्याचं वजन ३ लाख ३३ हजार पृथ्व्यांएवढं. असे ८०० कोटी सूर्य. सेकंदाला एक सूर्य या वेगाने, न झोपता, न जेवता मोजत बसलं तर २५३ वर्षं लागतील. थोरले माधवराव पेशवे गेले त्या १७७२ साली मोजायला बसलेला माणूस २०२५ साली उठला असता. आणि त्याने नुसते सूर्य मोजले असते, पृथ्व्या नव्हे. पृथ्व्या मोजायला बसवलं तर त्याला आठ कोटींहून जास्त वर्षं लागली असती. थेंबासाठी २९ लाख धरणं लागणाऱ्या वायूतून हे वजन भरतं! मग आकाशगंगेसारखी दीर्घिका केवढी असेल? आपलीच घ्या: तिच्या तबकडीची रुंदी सुमारे एक लाख प्रकाशवर्षं.

हा हायड्रोजन म्हणजे दीर्घिकेची साठवण. नवे तारे जन्मतात ते याच वायूतून. वायू असेपर्यंत तारे घडत राहतात, वायू गेला की कारखाना बंद. आणि गंमत अशी की दोन दीर्घिका दिसायला सारख्या, आकाराने सारख्या, पण एकीकडे वायूची रेलचेल आणि दुसरीकडे ठणठणाट, असं सर्रास आढळतं. असं का? शास्त्रज्ञ सांगतात, शेजार बघा. आसपास कोण आहे, किती जवळ आहे, किती गर्दी आहे, यावर दीर्घिकेची शिल्लक ठरते. कसं ठरतं त्याची समीकरणं त्यांच्याकडे राहू देत. आपण आकडे पाहू, कारण आकडेच असे आहेत की छाती दडपावी.

आधी अंतराचं माप हाती घेऊ. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. मुंबई–पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर एका सेकंदात जाऊन-येऊन हजार खेपा. "हां" म्हणेपर्यंत हजार खेपा! असा प्रकाश वर्षभर धावला की एक प्रकाशवर्ष होतं, म्हणजे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. आता वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून एक गाडी सोडू. ताशी १०० किलोमीटर, मध्ये एकही थांबा नाही, क्रॉसिंग नाही, सिग्नल नाही. एक प्रकाशवर्ष कापायला तिला १ कोटी ८ लाख वर्षं लागतील. तिकीट स्वस्त ठेवू, किलोमीटरला एक रुपया. केंद्र सरकारचं २०२५-२६ चं अख्खं अंदाजपत्रक ५०.६५ लाख कोटी रुपयांचं. ते सगळं खिडकीवर ओतलं तर एकाच माणसाचं ५.३५ प्रकाशवर्षांचं तिकीट निघेल. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे देशाच्या वर्षभराच्या पैशात एक माणूस जवळच्या ताऱ्यापर्यंत जाईल. परतीला पैसे पुरणार नाहीत!

गाडीचा तो १ कोटी ८ लाख वर्षांचा आकडा लक्षात ठेवा, कारण हायड्रोजनचा अणू नेमका त्याच सुमाराचा आकडा घेऊन पुढे येतो. एकटा, थंड हायड्रोजन अणू स्वतःहून एक बारीकशी रेडिओलहर सोडतो. तिची लांबी २१ सेंटिमीटर, जवळजवळ एक वीत. ती सेकंदाला १४२ कोटी वेळा हेलकावते, जवळजवळ भारताच्या लोकसंख्येइतक्या वेळा. अशी लहर असणार हे व्हॅन डे हल्स्ट या डच शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये कागदावर मांडलं आणि १९५१ मध्ये हार्वर्डला इवेन आणि पर्सेल यांनी ती पकडली. पण एक अणू अशी लहर किती वेळाने सोडतो? सरासरी १ कोटी १० लाख वर्षांतून एकदा. आपली गाडी वरठीहून सुटली आणि एक प्रकाशवर्ष पार करून थांबली, तेवढ्या काळात एका अणूने जेमतेम एकदा तोंड उघडलं.

मग इतक्या मुक्या अणूंचा आवाज पृथ्वीवर कसा पोचतो? संख्येच्या जोरावर. आपल्या आकाशगंगेत हे अणू इतके आहेत की दर सेकंदाला त्यांतून निघणाऱ्या लहरींचा आकडा लिहायला दोनावर ५२ शून्यं द्यावी लागतात. एवढ्या सगळ्यांनी मिळून केलेला हा उजेड, म्हणजे हा रेडिओ उजेड, भरतो सुमारे ५० सूर्यांएवढा. ८०० कोटी सूर्यांचं वजन आणि ५० सूर्यांचा उजेड!

हा आवाज ऐकायला महाराष्ट्रात जो कान लावला आहे तो जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद गावी. जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटर. ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या. एकेका तबकडीत रेल्वेचे जवळजवळ दोन डबे आडवे मावतील. चौदा तबकड्या मधल्या चौकात दाटीने आणि सोळा तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या, अशा की सगळ्यांत लांबच्या दोघींमध्ये २५ किलोमीटर अंतर. ही दुर्बीण उभारणाऱ्या प्रा. गोविंद स्वरूप यांनी या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या नाहीत. ताणलेल्या दोरांवर बारीक तारेची जाळी बसवली. वारा जाळीतून आरपार जातो, वितीएवढी लहर मात्र जाळीवर आपटून परत फिरते. खर्च वाचला आणि तबकड्या मोठ्या करता आल्या. जवळ उभं राहून वर पाहिलं तर जाळीतून निळं आकाश दिसतं, आणि तरीही रेडिओलहरींना ती भिंत असते. तीसही तबकड्यांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर भरतं जवळजवळ बारा एकर. आपल्याकडे बारा एकरांच्या बांध्या असलेला शेतकरी म्हणजे चांगला खातापिता.

या बारा एकरांत पीक किती येतं ते बघा. आपल्या आकाशगंगेएवढा हायड्रोजन असलेली दीर्घिका कन्या राशीतल्या मोठ्या दीर्घिका-समूहात ठेवू, ५ कोटी ४० लाख प्रकाशवर्षांवर. तिच्या २१ सेंटिमीटर लहरींची ऊर्जा तीसही तबकड्यांनी एक कणही न सांडता टिपली असं धरू. ती साठवत गेलो तर धानाचा एक दाणा एक मिलिमीटर वर उचलण्याइतकी ऊर्जा जमायला २८ वर्षं लागतील! खोडदची दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली ४ ऑक्टोबर २००१ रोजी. त्या दिवसापासून ती रात्रंदिवस त्याच एका दीर्घिकेकडे बघत बसली असती तरी दाणा मिलिमीटरभर उचलायला २०२९ साल उजाडलं असतं. आणि या एवढ्याशा मिळकतीवरून शास्त्रज्ञ सांगतात की वायू किती आहे, कुठे आहे, कोणत्या दिशेने फिरतो आहे, आणि किती चोरीला गेला आहे.

चोरी म्हटलं ते उगाच नाही. आता नकाशा मांडू. एक लाख प्रकाशवर्षं म्हणजे एक किलोमीटर, हे प्रमाण. या नकाशात आपली आकाशगंगा म्हणजे भंडाऱ्यातला एक किलोमीटर रुंदीचा तलाव. तलावांच्या जिल्ह्यात हे डोळ्यांपुढे आणणं अवघड नाही. शेजारची मोठी दीर्घिका देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे २५ किलोमीटर. लाखनीच्या जरा पुढे. तिथे दुसरा मोठा तलाव, अधेमधे काही बोड्या, बाकी सगळं मोकळं रान. याला म्हणतात निवांत वस्ती.

याच नकाशात सरळ रेषेत मुंबईला जाऊ. भंडारा ते मुंबई हवाई अंतर साधारण साडेसातशे किलोमीटर, म्हणजे साडेसात कोटी प्रकाशवर्षं. नेमक्या त्या अंतरावर आहे एरिडनस समूह. मृगातल्या राजन्य ताऱ्याजवळून सुरू होणाऱ्या नदीसारख्या लांबलचक तारकासमूहात तो सापडतो. त्यात सुमारे २०० दीर्घिका, आणि त्यांचा पसारा नकाशावर सव्वातीनशे किलोमीटर, मुंबई–पुणे अंतराच्या दुपटीहून जास्त. बऱ्यापैकी विरळ वस्ती आहे ही. अमितेश ओमर आणि के. एस. द्वारकानाथ या शास्त्रज्ञांनी खोडदच्या तबकड्या या समूहाकडे वळवल्या. सुमारे २०० तास, ५७ दीर्घिका. त्यांतल्या ३१ दीर्घिकांचा हायड्रोजन सापडला. २००५ मध्ये त्यांनी हिशेब छापला, आणि मला विचाराल तर या साऱ्या गोष्टीतला सगळ्यात चटका लावणारा आकडा तिथेच आहे. समूहात जिथे दीर्घिका दाटीने आहेत, तिथल्या काहींकडे हायड्रोजन असायला हवा त्याच्या निम्माच होता, काहींकडे तर तिसरा हिस्सा. रुपयातले ३३ ते ५० पैसे शिल्लक! आणि दाटी जितकी जास्त तितकी तूटही जास्त.

हे कधीचं चित्र, ठाऊक आहे? खोडदच्या जाळीवर येऊन आपटलेली ती लहर साडेसात कोटी वर्षांपूर्वी निघाली. तेव्हा खोडदचा काळा कातळ अजून जन्मलाही नव्हता. दख्खनचा लाव्हा उसळला तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. लहर वाटेत होती, इकडे सह्याद्रीचा दगड थरावर थर घालत होता. (आपल्या साकोलीकडचा खडक मात्र लहर निघाली तेव्हाही म्हाताराच होता. तो शेकडो कोटी वर्षांचा आहे.)

एरिडनसमध्ये वायू नेला कोणी? शेजारणींनी. तिथे दीर्घिकांचे आपसातले वेग सेकंदाला २४० किलोमीटरच्या आसपास असतात. मुंबईहून पुणं सेकंदभरातही नाही, सहा दशांश सेकंदात! पण दीर्घिकांच्या जगात ही बैलगाडीची चाल. या वेगाने एका दीर्घिकेला दुसरीच्या लाखभर प्रकाशवर्षांच्या अंगावरून जायला साडेबारा कोटी वर्षं लागतात. साडेबारा कोटी वर्षं दोघी एकमेकींना ओढत राहतात. कडेचा सैल वायू सुटतो, लांब ओघळतो, आणि मालकिणीला परत मिळत नाही. एवढ्या साध्यासुध्या, विरळ समूहातही हे घडतं, हे खोडदने दाखवलं. छोटे समूह पुढे मोठ्या समूहांत जाऊन मिळतात, म्हणजे मोठ्या समूहात पोचण्याआधीच काहींची शिल्लक वाटेत संपलेली असते.

आता मोठ्या समूहात शिरू. कन्या समूह, आपल्या नकाशात भंडाऱ्याहून ५४० किलोमीटर, अहिल्यानगरच्या जवळपास. त्याची रुंदी सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे नकाशावर दीडशे किलोमीटर. बरोबर मुंबई–पुणे! आणि त्या मुंबई–पुण्याएवढ्या गोलात दीर्घिका किती? तेराशेहून जास्त. एरिडनसच्या सव्वातीनशे किलोमीटरमध्ये दोनशे, इथे दीडशेत तेराशे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही धरून ढोबळ हिशेब केला तर दाटी साठ-सत्तरपट. आणि दीर्घिका नुसत्या दाटीने बसलेल्या नाहीत, धावताहेत. सेकंदाला हजार किलोमीटर आणि त्याहूनही जास्त. नागपूर–मुंबई रेल्वेचं अंतर ८४० किलोमीटरच्या आत. या दीर्घिका ते एका सेकंदाच्या आत संपवतात.

आणि त्या रिकाम्या जागेतून धावत नाहीत. समूहाच्या पोटात वायू भरलेला आहे, दोन-तीन कोटी अंश तापलेला. नवतपात भंडाऱ्याचा पारा ४६ वर गेला की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. इथे कोटींची भाषा! पण हा वायू विरळही तसाच. एका लिटरमध्ये एखादा कण. आपल्या त्या शेतातल्या विहिरीत आकाशगंगेच्या वायूचे ३४ कोटी अणू मावले होते. या वायूचे मावतील ३ लाख ४० हजार. हजारपट विरळ.

अशा वायूतून दीर्घिका धावली की तिला समोरून वारा लागतो. १९७२ मध्ये गन आणि गॉट या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी मांडलं की हा वारा दीर्घिकेतला हायड्रोजन उपटून नेऊ शकतो. त्याचा जोर काढून बघू. भंडारा जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ४ हजार चौरस किलोमीटर. तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी, लाखनी, साकोली, लाखांदूर, साती तालुके एकत्र. या सगळ्यावर तो वारा पूर्ण जोराने आदळला तर एकूण भार किती पडेल? धानाच्या तीसेक दाण्यांच्या वजनाएवढा. पोतं नव्हे, पायली नव्हे. सात तालुक्यांत मिळून तीस दाणे!

आणि एवढ्या जोरावर तो कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचा वायू दीर्घिकेतून उडवून लावतो. कारण तो थांबत नाही. वावटळ येते आणि जाते. हा वारा कोटी-कोटी वर्षं एकसारखा लागतो, आणि दीर्घिकेच्या कडेचा वायू इतका विरळ, इतका सैल धरलेला असतो की त्याला तीस दाणेही पुरतात. ताऱ्यांना काही होत नाही. तारे भरीव, वारा त्यांच्यामधून निघून जातो, जसा खोडदच्या जाळीतून जातो. वायू तेवढा वाऱ्याबरोबर मागे ओढला जातो. १९७३ मध्येच डेव्हिस आणि लुईस यांना कन्या समूहातल्या दीर्घिकांमध्ये हायड्रोजन कमी असल्याचं दिसलं होतं. पुढे हेन्स आणि जोव्हानेली यांनी अनेक समूह तपासले तेव्हा कळलं की ही एकट्या कन्या समूहाची गोष्ट नाही. समूहाच्या मध्याजवळ जावं तशी दीर्घिकांची वायूची तबकडी आखूड होत जाते. काहींमध्ये तर ताऱ्यांची तबकडी वायूच्या तबकडीबाहेर डोकावते, म्हणजे कडेचे तारे कोरडे बसले आहेत.

गेलेला वायू दिसतोसुद्धा, शेपटीसारखा! ईएसओ १३७-००१ नावाची एक दीर्घिका नॉर्मा समूहात शिरते आहे. तिच्यामागे तप्त वायूची शेपटी आहे २ लाख ६० हजार प्रकाशवर्षांची, आपल्या अख्ख्या आकाशगंगेच्या अडीचपट. कन्या समूहातल्या एनजीसी ४२५४ जवळून निघालेला हायड्रोजनचा धागा ८ लाख प्रकाशवर्षांचा. आणि २०२२ मध्ये चीनच्या ५०० मीटर रुंदीच्या फास्ट दुर्बिणीने स्टीफनच्या पंचकाभोवती, पाच दीर्घिका एकत्र दिसणाऱ्या त्या प्रसिद्ध घोळक्याभोवती, हायड्रोजनचा जो पसारा पकडला तो २० लाख प्रकाशवर्षांचा! आपल्या नकाशावर २० किलोमीटर. भंडाऱ्याच्या तलावातून निघून जवळजवळ लाखनीला टेकेल एवढा. आपली वरठीची गाडी या पसाऱ्याच्या एका टोकाला सोडली तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सुमारे साडेएकवीस लाख कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. म्हणजे विश्व जन्मापासून आतापर्यंत दीड हजार वेळा पुन्हा घडवावं लागेल, तेव्हा गाडी फलाटाला लागेल.

दूरचंच कशाला बघायचं, आपल्या घरी काय आहे? आपली आकाशगंगा स्वतः काही कमी दांडगी नाही. तिच्याभोवती छोट्या बटू दीर्घिका फिरतात. सुमारे ८ लाख ८० हजार प्रकाशवर्षांच्या आत, म्हणजे नकाशावर नऊ किलोमीटरच्याही आत, ज्या बटू आहेत त्या जवळजवळ सगळ्या कोरड्या. मॅगेलनचे दोन मेघ तेवढे भरलेले, ते मोठे आहेत म्हणून टिकले. आणि सिंह राशीतली 'लिओ टी' नावाची चिमुकली १३ लाख ७० हजार प्रकाशवर्षांवर आहे, नकाशावर चौदा किलोमीटरच्या आत. एवढंसं अंतर राखलं म्हणून तिच्याकडे आजही सुमारे चार लाख सूर्यांएवढा हायड्रोजन आहे. आपल्याजवळ पाचेक किलोमीटर सरकली असती तर तिचीही गत बाकीच्यांसारखी झाली असती असं मला वाटतं.

आता उलट दिशेने जाऊ, जिथे शेजारच नाही. विश्वात प्रचंड पोकळ्या आहेत. भूतप तारकासमूहाकडची एक पोकळी १९८१ मध्ये सापडली, रुंदी सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षं. आपल्या नकाशावर ३,३०० किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी भारताची लांबी ३,२१४ किलोमीटर! म्हणजे अख्खा देश लांबीला पुरत नाही एवढी पोकळी, तीसुद्धा तितकीच रुंद, तितकीच उंच. आणि तिच्यात सापडलेले तलाव, म्हणजे दीर्घिका, साठेक. भंडाऱ्याच्या एका तालुक्यात याहून जास्त मामा तलाव आणि बोड्या भेटतील.

अशा रानात राहणाऱ्या दीर्घिकांकडे वायू मात्र राखून ठेवलेला असतो. लिंक्स आणि कर्क या तारकासमूहांच्या दिशेला अशीच एक जवळची पोकळी आहे. तिच्या मध्याजवळ तीन बटू दीर्घिकांचं एक टोळकं आहे. खोडदच्या दुर्बिणीने ते पाहिलं. जयराम चेंगलूर आणि रशियाचे सायमन पुस्तिल्निक यांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला. आपल्या आकाशगंगेत एका सूर्याएवढ्या निळ्या उजेडामागे अर्ध्या सूर्याएवढाही हायड्रोजन नाही. या तिघींतल्या एकीत एका सूर्याच्या उजेडामागे हायड्रोजन आहे सुमारे २५ सूर्यांचा! दिवा मिणमिणता आणि तेलाच्या टाक्या भरलेल्या. न झालेले तारे तिथे अजून वायू होऊन पडले आहेत. आणि तिथेही तिघी एकमेकींना ओढू लागल्याच आहेत. हजारो मैल ओसाड रानात तीन घरं, तीही एकमेकांना खेटून. त्यांच्या टाक्या कशा आणि कधी रिकाम्या होतील हे त्या तिघींच्या अंतरावर ठरणार, भोवतालच्या रानावर नव्हे. मला यात फार गंमत वाटते.

आता शेवटची उडी, काळाची. आत्तापर्यंत कोटींत बोललो. पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतले आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि चेंगलूर, आणि त्यांच्यासोबत बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले शिव सेठी आणि द्वारकानाथ, यांनी ठरवलं की सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजायचा. जवळच्या दीर्घिकेने धानाचा दाणा मिलिमीटरभर उचलायला २८ वर्षं घेतली होती. इथे तर एकेकीची लहर यंत्राच्या खरखरीत पार बुडून गेलेली. मग त्यांनी ७,६५३ दीर्घिका घेतल्या आणि सगळ्यांच्या लहरी एकावर एक रचल्या. ७,६५३ कुजबुजी एकत्र आल्या तेव्हा एक आवाज ऐकू आला! हे ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर' नियतकालिकात छापून आलं. त्याच्या महिनाभरच आधी, ७ सप्टेंबरला, ही जाळीची दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप गेले. हिशेब निघाला तो असा: त्या काळच्या दीर्घिकांकडे वायू भरपूर होता, पण तारे घडवण्याचा सपाटा एवढा की बाहेरून नवा वायू आला नाही तर सगळी साठवण १०० ते २०० कोटी वर्षांतच संपावी. विश्वाच्या १,३८० कोटी वर्षांपुढे हे काहीच नव्हे.

त्या ७,६५३ जणींचा मिळून एक सरासरी आकडा मिळाला. त्यांच्यात गर्दीतल्या कोण, रानातल्या कोण, कोणी कोणाचं नेलं, हे एकेकीला वेगळं करून बघायचं तर कान याहून मोठा हवा. तो बांधला जातो आहे. स्क्वेअर किलोमीटर अॅरे. ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ अँटेना, दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या. भारत त्यात भागीदार आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले, म्हणजे देशाच्या माणसामागे नऊ रुपयेही नाहीत. चहाच्या एका कपाच्या पैशात! आणि खोडदच्या तबकड्यांमधलं ते २५ किलोमीटरचं अंतर दक्षिण आफ्रिकेत किती होणार आहे? १५० किलोमीटर. एक तबकडी मुंबईत, एक पुण्यात.